खाडीकडचं जिरं

शहाऐंशीच्या मे महिन्यातल्या अंगारकीला घाटकोपरच्या श्री संकष्टहरण सेवा मंडळाच्या झाडून सगळ्या सभासदांचा उपास एकाच दुपारी, एकाच माइकवरून, एकाच वाक्यात मोडला.

असं काही घडलेलं नाही. मंडळाने तसा ठरावच केला आहे. ठरावाला सूचक आहे, अनुमोदक आहे, ठरावानंतर चहासुद्धा झाला आहे. आणि आपल्याकडे एखादी गोष्ट घडली की नाही हे ती बघणाऱ्यांवर नसतं, अनुमोदकावर असतं. तेव्हा जे घडलं नाही ते कसकसं घडलं नाही, एवढंच इथे सांगायचं आहे.

गुणाजी धुरी मिलमध्ये वाइंडिंग खात्यात होता. ब्याऐंशीला संप झाला, तो लांबला, आणि शेवटी संप मिटला की मिल मिटली हे कुणी नीट सांगेना. गुणाजीचं काम गेलं. पाळी मात्र गेली नाही. भोंगा आता त्याच्या डोक्यातच वाजायचा. तो वाजला की गुणाजी उठायचा, दाढी करायचा, बायकोकडून, म्हणजे रत्नप्रभाकडून, डबा भरून घ्यायचा, चपला घालायचा आणि चाळीच्या पायरीवर जाऊन बसायचा. दुपारी डबा खायचा. संध्याकाळी दमून वर यायचा. "आज जाम काम होता," म्हणायचा. रत्नप्रभा त्याच्या हातात चहा द्यायची आणि काही बोलायची नाही.

बोलायची ती चाळ. पूर्वी पोस्टमन "मिलवाले धुरी कुठे राहतात?" असं विचारायचा. आता "वेफरवाल्या बाईंचे मिस्टर" असं विचारायला लागला होता. कारण रत्नप्रभा बटाट्याचे वेफर्स करायची, आणि ते घाटकोपर स्टेशनपर्यंत माहीत होते.

सगळा व्यवहार गच्चीवर चालायचा. बटाटे सोलायचे, किसणीवर चकत्या पाडायच्या, रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवायच्या, सकाळी मिठाच्या पाण्यात एक चटका द्यायचा आणि जुन्या साड्या अंथरून उन्हात वाळवायच्या. पण चाळीत टीव्ही आले आणि गच्चीवर अँटेनांचं रान माजलं. एका रविवारी साडी उडू नये म्हणून रत्नप्रभाने तिचं एक टोक अँटेनाला बांधलं. अँटेना वळली. खाली मालिकेतल्या सासूचं तोंड आधी लांब झालं, मग त्याला मुंग्या आल्या, मग सासू गेलीच. संपात चाळ चार वर्षं शांत राहिली होती. त्या दिवशी मात्र मोर्चा निघाला. मालकाने गच्चीला कुलूप घातलं.

इथे मंजुळा आली. मंजुळा माहुलच्या कोळीवाड्यातली. डोक्यावर पाटी घेऊन चाळीत मासळी विकायला यायची आणि रत्नप्रभाच्या दारात पाणी पिऊन जायची. तिने कुलूप बघितलं, रत्नप्रभाचं तोंड बघितलं, आणि म्हणाली, "यवऱ्यासाठी रडतंस क गो बाय? माज्या आंगनान ये. ऊन काय मालकाचा नाय. चटया पन हायत."

आता माहुलच्या अंगणातल्या त्या चटया. वर्षभर त्यांच्यावर जवळा वाळतो. जवळा म्हणजे जिऱ्याएवढी कोळंबी. वाळली की मूठभर घेतली तरी अख्ख्या वाड्याला कळतं. मंजुळाने चटया धुऊन दिल्या, हे खरं. पण धुतल्या त्या खाडीत, हेही खरं.

गुणाजी आता पायरीवरून उठला आणि कामाला लागला. त्याने वेफर्सचं खातं काढलं. किसणीला तो 'मशीन' म्हणायचा. बटाटे सोलणं ही पहिली पाळी, वाळवणं ही दुसरी. रत्नप्रभा बदली कामगार. एक दिवस तिला ताप आला तर त्याने तिचा खाडा धरला आणि रात्रभर तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. चेंबूरवरून बसने पोती न्यायची, अंगणात चकत्या पसरायच्या, संध्याकाळी कुडकुडीत झालेले वेफर्स गोळा करून आणायचे. माल चांगला उतरला. घरी तळून खाल्ला. झकास.

ह्याच सुमारास देवळाच्या फाटकाजवळचा मंडळाचा गाळा रिकामा झाला. तिथला नारळवाला म्हातारा मुलाकडे गावी गेला होता. मंडळाने जाहीर केलं, की अंगारकीला ज्याचा उपासाचा पदार्थ वाटला जाईल आणि ज्याच्याविषयी एकही तक्रार येणार नाही, त्याला गाळा मिळेल.

गुणाजी गाळा बघायला गेला. आत काहीच नव्हतं. पण बाहेर शटर होतं. लोखंडी, हिरवं, गंजलेलं. त्याने इकडे-तिकडे बघितलं आणि ते थोडंसं वर सरकवलं. शटरने असा काही आवाज केला, की गुणाजीला वाटलं मिलचं फाटक उघडलं. तो बराच वेळ तिथे उभा राहिला. विक्री, गिऱ्हाईक हे सगळं नंतरचं. त्याला रोज सकाळी डबा घेऊन जायला एक दार हवं होतं, आणि ते दार पायरी नसावं, एवढंच.

गाळ्याचा निर्णय मंडळाचे अध्यक्ष श्यामकांत फणसळकर यांच्या हातात होता. इतिहासाचे निवृत्त मास्तर. मांसाहार तर सोडाच, ते कांद्याच्या टोपलीवरूनसुद्धा नजर फिरवून जायचे. त्यांना मोतीबिंदू व्हायला आला होता, कबूल करायला मात्र आला नव्हता. गुणाजी तळलेले वेफर्स कागदात बांधून त्यांच्याकडे घेऊन गेला.

मास्तरांनी एक वेफर तोंडात टाकला. मग दुसरा. मग बोलायचं सोडून पाचवा.

"धुरी, ह्यात काय घातलंत?"

गुणाजीने कागदाची घडी सरळ केली. "मीठ, मास्तर. सैंधव."

"मीठ कळतं हो मला. मिठाच्या मागे काहीतरी आहे. खोल आहे." मास्तरांनी डोळे मिटले. "लहानपणी गुहागरला आजोळी जायचो. संध्याकाळी खालच्या वाडीकडून अस्सा वास यायचा. आई म्हणायची, तिकडे बघू नको. मी बघायचो नाही. पण वास यायचा." त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. "सात्त्विक म्हणतात ते हेच."

मग त्यांनी पुढचा वेफर उजेडात धरला. "आणि जिरं घातलंत, हे उत्तम. उपासाला जिरं चालतं. पण जरा वाकडं दिसतंय हो जिरं."

गुणाजीने वाकून बघितलं. जिऱ्याला दोन काळे डोळे होते. मिशा होत्या. जिरं गुणाजीकडे बघत होतं.

"कुठलं म्हणायचं हे?"

"खाडीकडचं," गुणाजी म्हणाला. ह्यात खोटं काही नव्हतं.

"तरीच!" मास्तर म्हणाले आणि त्यांनी साक्षीदाराला गिळलं.

गुणाजी घरी आला तो घामाघूम होऊन. रत्नप्रभा उद्याचे बटाटे निवडत होती.

"रत्ना, मास्तरान जवळो खाल्ल्यान."

"खयच्या मास्तरान?"

"फणसळकर मास्तरान."

रत्नप्रभाच्या हातातला बटाटा घरंगळत खाटेखाली गेला. "अगो बाई! मगे? कसो लागलो म्हणाले?"

"सात्त्विक."

ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबून हसली. मग एकदम थांबली. "म्हंजे माझ्या गेल्या संकष्टीक मी खाल्लंय ते..."

"तू उपासाक खाल्लंस?"

"चव बघूक खाल्लंय! माका वास कसो नाय इलो?"

"तुका कसो येतलो?" गुणाजी म्हणाला. "आपल्या घराक तोच वास असा."

हे मात्र खरं होतं. डब्यात सुकट, फळीवर सोडे, अंगावरच्या गोधडीलासुद्धा तोच वास. ज्यांच्या नाकाला कळायला हवं होतं त्यांच्या नाकाने हा वास जन्मतःच घरातला म्हणून धरला होता. पाहुण्याचा वास येतो, माणसाला स्वतःच्या घराचा येत नाही.

रत्नप्रभाने देवासमोर दिवा लावला, नाक घासलं आणि निकाल दिला. "अंगारकीक वंगाळ काय जाता नये. धुतलेले साडये घालून वाळवा."

गुणाजीने तसं केलं. मंजुळाच्याच अंगणात, पण चटया लांब सारून, खाटेवर, स्वच्छ धुतलेल्या साडीवर, वाऱ्याच्या उलट अंगाला. मंजुळा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "कं रं गुनाजी भाव, माज्या चटयांना क झाला? बाटल्या क तुज्या बटाट्यानं?"

ते स्वच्छ वेफर्स घेऊन तो पुन्हा मास्तरांकडे गेला. मास्तरांनी एक खाल्ला. दुसरा उचललाच नाही.

"हे काय आहे?"

"वेफर्स, मास्तर. शुद्ध."

"बटाटा आहे हा नुसता. ह्यात प्राण नाही." पाहिजे होता तो प्राण काढून घेतलाय हे गुणाजीला माहीत होतं. मास्तर पुढे झुकले. "हे बघा धुरी, मी समितीला शब्द दिलाय. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला त्या पहिल्या पुड्यातला एकेक देऊन बसलोय. आता ती चव नाही आली तर गाळा त्या शेंगदाण्याच्या लाडूवाल्याला जाईल. जिरं का कमी केलंत?"

गुणाजी परत येताना देवळाच्या फाटकाशी थांबला. आत हात जोडले, बाहेर शटरकडे बघितलं. एका बाजूला देव आणि एका बाजूला शटर. देवाला चार हात होते, त्याचं कसंही निभावलं असतं. गुणाजीला दोनच.

"चटया काढ," दुसऱ्या दिवशी त्याने मंजुळाला सांगितलं.

"धुव?"

"नको."

अंगारकीचा दिवस उजाडला. देवळाच्या आवारात मांडव, मांडवात माइक, माइकमागे मास्तर. गुणाजीने मिलच्या दिवसांतला पांढरा शर्ट घातला होता. वेफर्सचे पुडे हातोहात जात होते. ज्याने एक नेला तो मागच्या रांगेत पुन्हा उभा राहत होता. उपासाला एवढी भूक लागलेली मंडळाने आजवर बघितली नव्हती.

मास्तरांनी भाषण सुरू केलं. विषय होता 'बटाट्याचे उपासातील स्थान'. "बटाटा आपला नव्हे," ते म्हणाले. "तो साता समुद्रापलीकडून पोर्तुगीजांच्या जहाजातून आला. पोर्तुगीज गेले, बटाटा राहिला. बंदरात उतरल्यावर त्याला कुणी गाव विचारलं नाही, कुळ विचारलं नाही. आधी तो भाजीत गेला, मग वड्यात शिरला. आपल्या माउल्यांनी त्याचा कीस केला, सळी केली, पापड केले, वेफर्स केले. परवा वाचलं, की आता कारखान्यात त्याची पावडरही करतात. एवढी रूपं घेतली, पण उपास मोडला नाही! का? कारण त्याचा भाव शुद्ध होता!"

टाळ्या पडल्या. गुणाजीने हे भाषण मन लावून ऐकलं. पुढे ते त्याच्या उपयोगी पडणार होतं.

तेवढ्यात मांजरं आली. आधी एक आलं, ते देवळाचंच. मग पलीकडच्या इमारतीतलं बोकडाएवढं पिवळं. मग मासळी बाजाराच्या दिशेने आख्खी फळीच आली आणि वेफर्सच्या टेबलाखाली रांगेत बसली. शेजारी पेढ्यांचं ताट उघडं होतं. एकानेही तिकडे बघितलं नाही.

"बघा!" मास्तर माइकवरून गहिवरले. "मुके जीवसुद्धा आज पेढा सोडून उपासाचा पदार्थ मागताहेत!"

मांडवात पुष्कळांनी हात जोडले. एका आजींनी पिवळ्या बोक्याला कुंकू लावलं. गुणाजी शर्टाच्या बाहीने मान पुसत होता आणि चंद्रोदय किती वाजता आहे ह्याचा हिशेब करत होता.

आणि मंजुळा आली. नऊवारी नेसून, गजरा माळून, देवाला नारळ घेऊन. तिला बोलावलं होतं मास्तरांनीच. अंगण कुणाचं हे त्यांना चाळीतून कळलं होतं; ज्या माउलीच्या अंगणात हे वेफर्स वाळले तिचा सत्कार करावा, ही त्यांचीच कल्पना. गुणाजीला ती आदल्या क्षणापर्यंत माहीत नव्हती. मंजुळाला शाल दिली, नारळ दिला, आणि कुणीतरी म्हणालं, "मावशी, दोन शब्द बोला."

गुणाजी पुढे धावला. पण मांडवात खुर्च्या होत्या, खुर्च्यांखाली मांजरं होती.

मंजुळाने एक वेफर उचलला, खाल्ला, आणि तिचं तोंड अभिमानाने फुललं. माइक काय असतो हे तिला ठाऊक होतं. कोळीवाड्यात लग्नाला असतो. त्यात ओरडून बोलायचं असतं.

"मना जास्ती बोलाया येत नाय," ती ओरडली. "पन ऊन आमचा, चटया आमच्या, न ह्यान जो जवला उतरलाय ना, तो पन आमचाच! एकदम ताजा! देवाच्या दारान आमच्या जवल्याचा मान ठेवलाव, लय बरा वाटला!"

एक कर्णा देवळावर होता, एक रस्त्याच्या तोंडाशी होता, आणि तिसरा थेट बसस्टॉपकडे तोंड करून. खाण्याचा आवाज एकदम थांबला, कारण बरेचजण चावत असतानाच गोठले होते आणि आता गिळावं की थुंकावं हे शास्त्रात कुठे सापडत नव्हतं. शेवटी मास्तरांनी सगळ्यांसमोर गिळलं. अध्यक्षांनी गिळल्यावर सभासदांचाही मार्ग मोकळा झाला.

"क झाला?" मंजुळाने गुणाजीला विचारलं. "काय चुकला क माजा?"

"नाय गो," गुणाजी म्हणाला. "तुझा काय चुकला नाय." आणि तेही खरंच होतं.

त्याच संध्याकाळी कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. एक जण म्हणाला, धुऱ्यावर कारवाई करा. दुसरा म्हणाला, कारवाई केली तर कशाबद्दल ते लिहावं लागेल, आणि लिहिलं तर आपण काय खाल्लं ते कायमचं राहील. ह्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. मग मास्तर इतिहासाचे मास्तर असल्यामुळे त्यांना तोडगा सुचला. सदर दिवशी वेफर्स वाटण्यात आले नाहीत, सबब खाल्ले गेले नाहीत, सबब उपास अबाधित आहे. एकमताने मंजूर.

गुणाजीला शिक्षा झाली नाही. जे घडलं नाही त्याची शिक्षा कशी देणार? पण वेफर्स वाटलेच गेले नाहीत म्हटल्यावर परीक्षाही झाली नाही, आणि परीक्षा नाही म्हटल्यावर गाळाही नाही. शटरवर चिठ्ठी लागली: 'निर्णयाधीन'. पुढच्या संकष्टीला मंडळाने कुठल्याशा कंपनीची पाकिटं आणवली. चकचकीत पाकीट, फोडलं की आत वेफर्स थोडे आणि हवाच जास्त. हवा उपासाला चालतेच. पण मांजरं आली नाहीत, आणि मागच्या रांगेत पुन्हा कुणी उभं राहिलं नाही.

मग एका साध्या बुधवारी, कसलाच उपास नसताना, दारावर टकटक झाली. बाहेर मास्तर. हातात रिकामी पिशवी.

"धुरी," ते हळू आवाजात म्हणाले, "ते... पहिल्या पुड्यासारखे आहेत का?"

"मास्तर, त्यात..."

"सांगू नका!" मास्तरांनी हात वर केला. "मी शाकाहारी माणूस आहे. ह्यात काय आहे हे मला कळता कामा नये. फक्त जिरं भरपूर असू द्या."

रत्नप्रभाने आतून पुडा आणून दिला. मास्तरांनी तो शालीखाली लपवला.

"मास्तर," गुणाजीने विचारलं, "मग गाळ्याचा काय?"

"गाळा उपासाच्या पदार्थांसाठी आहे," मास्तर दुःखाने म्हणाले. "आणि हा उपासाला चालत नाही, असं मला वाटतं. का चालत नाही ते अर्थात मला माहीत नाही." जाता जाता ते जिन्यात थांबले. "तुम्ही अर्ज करा. अर्ज करायला काय जातंय?"

गुणाजीने अर्ज केला. त्या दिवशी पायरीवर बसून त्याला खरोखरच जाम काम होतं. शब्द त्याने आठवून आठवून मास्तरांच्या भाषणातले घेतले, आणि अर्ज स्वतः नेऊन, शटरच्या फटीतून आत सरकवला:

"मा. अध्यक्ष, श्री संकष्टहरण सेवा मंडळ, यांसी. विषय: जवळा या जिनसाचा जिरे या वर्गात समावेश करणेबाबत. महोदय, बटाटा हा साता समुद्रापलीकडून आलेला असूनही आपण त्यास गाव, कुळ न विचारता उपासात जागा दिलेली आहे. जवळा हा इथलाच असून त्याचा कायमचा पत्ता माहुल खाडी असा आहे. तो आकाराने व आपल्या स्वतःच्या अनुभवाने जिऱ्यासारखा आहे. त्याचा भावही शुद्ध आहे. तरी त्यास फक्त उपासाच्या दिवशी, सूर्योदयापासून चंद्रोदयापर्यंत, जिरे म्हणून मान्यता मिळावी. इतर दिवशी तो जवळाच राहील, याची जबाबदारी अर्जदार घेत आहे. याबाबत निर्णय होईपर्यंत अर्जदारास सदर गाळ्याचे शटर रोज सकाळी वर करण्याची व संध्याकाळी खाली ओढण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती. आत काहीही विकले जाणार नाही. अर्जदार स्वतःचा डबा आणेल."